तूर्तास, सातवं प्रकरण

"तुम्ही ढकललेले की ओढलेले?"

डॉ. शरयू आठल्ये कोणालाही पहिल्यांदा भेटल्या की हा प्रश्न विचारतात. नाव नंतर, गाव त्याच्याही नंतर. आमच्या मंडळाचा गणपती ॲडलेडमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो. आरती संपून लोक मसालेभाताच्या रांगेत लागलेले असतात, पुण्याहून दोन महिन्यांपूर्वी आलेलं एखादं जोडपं ओळखीचा चेहरा शोधत असतं, आणि शरयूताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहतात. अंगावर इरकल, पायांत धावण्याचे बूट, हातात वही.

"म्हणजे?" नवरा गोंधळून विचारतो.

"माणूस देश सोडतो तो दोन कारणांनी. मागून कोणी ढकलतं, नाहीतर पुढून कोणी ओढतं. युद्ध, दुष्काळ, सासू हे ढकलणारे. नोकरी, पगार, मोकळे रस्ते हे ओढणारे. तुमचं काय?"

"आमचं पीआर आलं, कायम राहायची परवानगी," नवरा म्हणतो.

बायको एकदा नवऱ्याकडे बघते.

"हे ओढलेले. तुम्ही ढकललेल्या," शरयूताई तिला सांगतात. "नोंद घेतली." आणि पुढच्या माणसाकडे वळतात. ते जोडपं घरी जाताना गाडीत काय बोलत असेल, याचा विचार त्या करत नाहीत. तो संशोधनाच्या कक्षेबाहेरचा विषय आहे.

मी मॉसन लेक्सच्या कॅम्पसवर, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम करतो. पंधरा वर्षांपूर्वी मी इथे नवीन असताना त्या माझ्या काउंटरवर आल्या आणि हाच प्रश्न त्यांनी मलाही विचारला. माझी बायको मीनल तेव्हा शेजारीच उभी होती. तिला इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही आलो होतो. मी तसं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही ढकललेले नाही आणि ओढलेलेही नाही," शरयूताई म्हणाल्या. "तुम्ही जोडून आलेले. सामानासारखे."

मीनल इतकी हसली की वाचनकक्षातून दोघांनी माना वर केल्या. पुढे कित्येक वर्षं, मी कुठे वाटेत उभा असलो की ती म्हणायची, "सामान, जरा बाजूला हो."

शरयूताई मूळच्या डोंबिवलीच्या. आमच्याच युनिव्हर्सिटीत त्या शिकवायच्या. स्थलांतर हा त्यांचा विषय, आणि त्यातही ऑस्ट्रेलियात आलेले पोलिश लोक. महायुद्ध संपल्यावर ज्यांना परत जायला घर उरलं नव्हतं, ते पोलिश लोक बोटी भरभरून इकडे आले. सरकार सांगेल ते काम दोन वर्षं करायचं, या अटीवर त्यांना घेतलं होतं. डॉक्टर झालेला माणूस रेल्वेचे रूळ टाकत होता, शिक्षिका हॉस्पिटलच्या फरशा पुसत होती. या लोकांच्या मुलाखती शरयूताईंनी वीसेक वर्षांपूर्वी घेतल्या. एकूण एकतीस. तेव्हाच ती सगळी माणसं ऐंशीच्या आसपास होती.

डोंबिवलीच्या बाईचा आणि पोलंडचा संबंध काय, हे मंडळातल्या लोकांना कधीच कळलेलं नाही. आमचे सेक्रेटरी एकदा त्यांना म्हणाले, "ताई, मराठी माणसं संपली का? आमच्यावर करा ना एखादा पेपर. सुव्हेनिरमध्ये छापू."

"तुमच्यावर करून बघितलं," शरयूताई म्हणाल्या. "मराठी माणसाला विचारलं, 'इथे येऊन कसं वाटलं?' की तो रेझ्युमे सांगतो. आधी इन्फ्रास्ट्रक्चर, मग मुलांची शाळा, मग घराला किती बेडरूम. रडला का, तर 'छे छे, फर्स्ट वीकमध्येच सेटल झालो.' पोलिश म्हातारीला विचारलं तर ती आधी खुर्चीवर बसवते, केक कापते आणि सांगते, 'सहा महिने रोज रडले. मग कंटाळा आला.' आता तुम्ही सांगा, मी कोणावर पेपर लिहू?"

सेक्रेटरींनी विषय बदलला.

पोलिश भाषा त्या अस्खलित बोलतात, म्हणजे व्याकरणाने अस्खलित. सूर डोंबिवलीचाच. दर शनिवारी सकाळी त्या पोलिश क्लबात भरणाऱ्या मुलांच्या वर्गाला जातात. मी एकदा त्यांना तिथे सोडायला गेलो होतो. निळ्या डोळ्यांची, पिवळ्या केसांची दहा-बारा मुलं ओळीने बसली होती आणि इरकल नेसलेली एक बाई कमरेवर हात ठेवून त्यांना पोलिशमध्ये झापत होती. तुमच्या पणजीने बोटीत कसे दिवस काढले आणि तुम्हाला साधी क्रियापदं चालवता येत नाहीत, असा त्याचा मथितार्थ त्यांनी मला नंतर सांगितला. सगळ्यात मागचा मुलगा खुर्चीवर घसरत, इथली मुलं नकार देतात तसं म्हणाला, "येआ, नाह." तो त्या शनिवारी घरी उशिरा गेला असणार.

त्यांच्या गाडीची मागची सीट बरण्यांनी भरलेली असते. बीट, कोबी, आंबट काकड्या. वळणावर सगळ्या बरण्या एकदम किणकिणतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर शेवाळी रंगाची पोलिश काकडी खाणारी दुसरी व्यक्ती दक्षिण गोलार्धात नसावी.

मुलाखती घेऊन घेऊन त्यांना काही सवयी जडल्या आहेत. एक म्हणजे परवानगी. लिहून घेतल्याशिवाय त्या कोणाचं वाक्य वहीत उतरवत नाहीत. एका हळदीकुंकवाला त्यांनी सतरा बायकांकडून संमतीपत्रावर सह्या घेतल्या होत्या. त्यातल्या एक बाई पुढे वर्षभर मला विचारत होत्या, "त्या लकी ड्रॉचा निकाल कधी लागणार हो?"

दुसरी सवय शांतता मोजण्याची. मुलाखत कागदावर उतरवताना माणूस कुठे थांबला, किती सेकंद थांबला, तेही कंसात लिहायचं असतं म्हणे. शरयूताई त्यामुळे सगळ्यांच्याच शांतता मोजतात. मीटिंगमध्ये त्यांच्या विभागप्रमुखांना कोणी अवघड प्रश्न विचारला आणि ते थांबले, की कोपऱ्यातून आवाज यायचा, "नऊ सेकंद." विभागप्रमुखांना हे आवडत नसे.

मीनल गेली तेव्हाही त्या आल्या. याला आता पावणेदोन वर्षं झाली. घरात माणसं होती, आणि जो येईल तो मुगाची खिचडी घेऊन येत होता. मी अकरा दिवस खिचडी खाल्ली. लोक सोफ्यावर बसून 'शांतपणे गेली हे बरं झालं' असं म्हणत होते. शरयूताई काकड्यांची बरणी घेऊन आल्या, माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो ग्रंथपाल, विमानातून इथे उतरलात त्या दिवशी मीनलने काय घातलं होतं?"

ग्रंथपाल हे माझं नाव नाही. पण त्यांनी मला दुसऱ्या कोणत्याही नावाने कधी हाक मारलेली नाही.

मी सांगायला लागलो. हिरवा कुर्ता होता. त्यावर विमानातलं टोमॅटो सूप सांडलेलं होतं. इमिग्रेशनच्या रांगेत ती तो डाग ओढणीने झाकत होती, आणि अधिकाऱ्याने 'काही खाद्यपदार्थ आणलेत का' असं विचारल्यावर तिने त्या डागाकडेच बोट दाखवलं होतं. मी एवढं बोललो आणि पुढचं बोलता येईना. सोफ्यावरच्या एक वहिनी 'असू दे, असू दे' म्हणत उठायला लागल्या. शरयूताईंनी त्यांना हाताने खाली बसवलं. मग कोणीच बोललं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"एक मिनिट दहा," त्या म्हणाल्या. "चांगली होती. पुरुषांमध्ये एवढी लांब मला आजवर मिळालेली नाही."

वहिनींना धक्का बसला. मला मात्र त्या अकरा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. मग मी दोन काकड्या खाल्ल्या.

आता त्या पुस्तकाविषयी सांगायला हवं.

एकतीस मुलाखतींवरून शरयूताई एक पुस्तक लिहीत होत्या. गेली एकोणीस वर्षं. विभागात नवीन माणूस आला की त्याला आधी फोटोकॉपी मशीन दाखवायचे, मग शरयूताईंच्या खोलीचं दार, आणि सांगायचे, "तिथे पुस्तक चाललंय." पुस्तक कुठवर आलं, असं विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "तूर्तास, सातवं प्रकरण." एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा सातवं प्रकरण चाललं होतं. त्या बाळाला आता गाडी चालवायचं लायसन्स मिळालंय. सातवं प्रकरण चालूच.

त्यामुळे त्यांना बढती मिळाली नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघं प्रोफेसर झाले. ताई असोसिएट प्रोफेसरच राहिल्या. मागच्या वर्षी त्या निवृत्त व्हायच्या होत्या, तेव्हा विभागप्रमुख ब्रेट माझ्याकडे आला. ब्रेट चाळिशीचा, उंच, कायम सायकलवरून नुकताच उतरल्यासारखा दिसणारा माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं. त्या डिसेंबरपर्यंत पुस्तक प्रकाशकाकडे गेलं, तर शरयूला मानद प्रोफेसर करता येईल, खोलीही राहील. नाही गेलं, तर प्रकल्प बंद, खोली नव्या माणसाला.

"यू आर हर मेट," ब्रेट म्हणाला. "ती तुझं ऐकते. फक्त ते पुस्तक तिच्या हातातून काढून घे."

ती माझं ऐकते ही बातमी मला नवीन होती. तरी मी त्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, संदर्भसूची तपासून देतो, ते माझंच काम आहे.

शरयूताईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी मनात मोजलं, अकरा सेकंद.

"ब्रेटने पाठवलं?"

"हो."

"खोटं बोलला नाहीत. नोंद घेतली," त्या म्हणाल्या आणि कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

मी तो घरी नेला. आठ दिवस संध्याकाळी दुसरं काही केलं नाही. माझा जन्म पुस्तकांत गेला आहे, आणि मी जपून बोलणारा माणूस आहे. तरी सांगतो, इतकं चांगलं पुस्तक मी फार वर्षांत वाचलं नव्हतं. पण मला आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पुस्तक पूर्ण होतं. नऊच्या नऊ प्रकरणं, नकाशे, ऋणनिर्देश, सगळं. सातव्या प्रकरणात काहीही बाकी नव्हतं. फक्त संदर्भसूचीत चुका होत्या. एकाच गावाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं, दोन लेखांची वर्षं उलटसुलट, असल्या. मी त्या सगळ्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि गठ्ठा परत दिला.

पंधरा दिवसांनी त्यांनी नवी प्रत दिली. माझ्या सगळ्या दुरुस्त्या झालेल्या होत्या. पण पूर्वी जिथे बरोबर होतं, तिथे आता नव्या चुका होत्या. मी पुन्हा दुरुस्त केल्या. तिसऱ्या प्रतीत एका इतिहासकाराला त्याच्या जन्माच्या आधी पुस्तक लिहायला लावलेलं होतं.

ग्रंथपालाचा अपमान करायचे फार थोडे मार्ग आहेत. हा त्यातला एक.

मी तडक त्यांच्या खोलीत गेलो. "शरयूताई, तुम्ही मुद्दाम करताय."

"काय?"

"पुस्तक केव्हाच झालंय. किती वर्षांपूर्वी झालं?"

"बारा," त्या म्हणाल्या. अगदी सहज, दूधवाल्याचा हिशेब सांगावा तसं.

"मग सातवं प्रकरण?"

"सातवं तर सगळ्यात आधी झालं होतं. बसा. दार लावा."

त्यांनी कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढला. संमतीपत्र. मुलाखत देणाऱ्या प्रत्येकाने सही केलेलं. त्यातला एक परिच्छेद त्यांनी बोटाने दाखवला. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत संपूर्ण ध्वनिमुद्रण नष्ट करण्यात येईल. त्याची प्रत काढली जाणार नाही. ते संशोधिकेखेरीज कोणालाही ऐकवलं जाणार नाही.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"मीच. तेव्हा फार हुशार होते ना. पण मला लिहायला लावलं पानी यानिनाने. पानी म्हणजे बाईसाहेब. माझी पहिली मुलाखत. टेपरेकॉर्डर बघून तिने दारच लावून घेतलं. तिच्या गावात एका सरकारी फाइलीत वडिलांचं नाव आलं आणि वडील परत दिसले नाहीत. ती म्हणाली, 'पुस्तक कर, कागदावर माझं नाव बदल, पण माझा आवाज कुठल्या कपाटात राहिलेला मला चालणार नाही. काम झालं की जाळ.' मी शब्द दिला. मग बाकीच्या तिसांनाही तोच."

"मग आता युनिव्हर्सिटीच्या समितीकडे अर्ज करा. नियम बदलून घेता येतो."

"सही करणारे सगळे गेले, ग्रंथपाल. शेवटच्या बाई गेल्या वर्षी गेल्या. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द समिती कसा बदलणार?"

"त्यांची मुलं असतील."

"शब्द मुलांना दिला नव्हता."

मी जरा आवाज खाली आणला. "एक प्रत काढून ठेवा. कोणाला कळणार आहे?"

"मला," त्या म्हणाल्या.

मी गप्प बसलो. त्यांनी ती शांतता मोजली नाही. ते माझ्या लक्षात आलं, कारण असं कधी होत नाही.

"आणि ठेवायचंय कशाला एवढं?" मी विचारलं. "मुलाखती तर शब्दन् शब्द कागदावर उतरल्यात. थांबणंसुद्धा."

शरयूताईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. मग काचा स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिल्या.

"मला यंत्र बंद करता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी बटण दाबायची, पण ते बटण नीट बसायचंच नाही. 'मुलाखत समाप्त' असं मी मोठ्याने म्हणायची, वही मिटायची, आणि टेप चालूच राहायची. माझ्या लक्षात आलं तोवर एकतीस झाल्या होत्या. 'मुलाखत समाप्त'च्या पुढचं कुठेच उतरवलेलं नाही. ते संशोधन नाही, म्हणून ते तुम्हाला सांगायला हरकत नाही."

"काय आहे पुढे?"

"काही नाही हो. जेवण."

मी खुर्ची पुढे ओढली.

"प्रश्न संपले की त्या म्हाताऱ्या माझ्याकडे वळायच्या. 'जेवलीस का? खोटं बोलू नकोस. इतकी वाळलेली कशी? तिकडे आई आहे? तिला कळवतेस का सगळं? नवरा नको तर नको, पण कोट तरी जाड घे.' मग ताटात वाढायच्या. मी नको म्हणायची. त्या 'येश्चे त्रोश्के' म्हणायच्या. म्हणजे अजून थोडंसं. अजून थोडंसं कसलं, डोंगर. पानी यानिना मला शारुशा म्हणायची. लाडाचं नाव. तिचं सबंध आयुष्य मी तासाभरात विचारून घेतलं होतं, आणि त्यानंतर पाऊण तास ती मला विचारत होती. इथे येऊन तेव्हा मला सात वर्षं झाली होती, ग्रंथपाल. सात वर्षांत तसं कोणी विचारलं नव्हतं."

बाहेर कॉरिडॉरमध्ये ब्रेटच्या सायकलच्या बुटांचा टकटक आवाज आला आणि निघून गेला.

"पुस्तक छापलं की वर्षाच्या आत त्या कॅसेट जाळायला हव्यात," शरयूताई म्हणाल्या. "म्हणून छापत नाही. पण पानी यानिना 'जाळ' म्हणाली होती, आणि मी बारा वर्षं कपाटात ठेवल्यात. हेही फसवणंच आहे. मला कळतं ते."

"मग आता?"

"आता डिसेंबर आलाय."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रेटने त्यांच्याकडे फॉर्म पाठवला. प्रकल्प पूर्ण की अपूर्ण. अपूर्ण असल्यास कारण. शरयूताई तो घेऊन माझ्याकडे लायब्ररीत आल्या, काउंटरवर ठेवला आणि पेनचं टोपण काढलं. कारणांच्या चार चौकटी होत्या. आजारपण. निधीचा अभाव. सहभागींची माघार. संशोधकाची असमर्थता.

"आजारपण लिहा," मी म्हणालो. "तुमचा गुडघा आहे ना."

"गुडघ्याने कोणी पुस्तक लिहितं का?"

"मग निधी. सगळे तेच लिहितात."

"निधी वेळेवर मिळाला होता," त्या म्हणाल्या आणि चौथ्या चौकटीत ठळक खूण केली. पेनने, खोडता येणार नाही अशी. खाली सही केली. मग पर्समधून दुसरा कागद काढला. त्यावर मराठीत चार ओळी होत्या, आणि खाली इंग्रजीत त्याच चार. माझ्या मृत्यूनंतर एका महिन्याच्या आत लायब्ररीतल्या कपाट क्रमांक चारमधल्या एकतीस कॅसेट ग्रंथपालांनी स्वतः नष्ट कराव्यात, न ऐकता. 'ग्रंथपाल'च्या पुढे कंसात माझं नाव पहिल्यांदाच पूर्ण लिहिलेलं होतं, वडिलांच्या नावासकट. ते त्यांना कुठून कळलं कोण जाणे.

"पानी यानिनाला शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "उशीर होईल, पण पाळला जाईल. कराल ना?"

मी सही केली.

"न ऐकता," त्या म्हणाल्या.

"न ऐकता."

"नोंद घेतली."

ब्रेट नंतर मला भेटला. वाईट वाटलं म्हणाला, आणि ते खरंच वाईट वाटलेलं होतं. एवढी हुशार बाई, तो म्हणाला, पण काही लोकांना शेवट करताच येत नाही. मी हो म्हणालो. विभागाच्या वेबसाइटवर आता त्यांच्या नावापुढे काही नाही. त्यांच्या खोलीत डेटावर काम करणारा एक तरुण आला आहे. बरण्या ठेवायच्या फळीवर त्याने स्क्रीन लावलाय.

शरयूताई दर गुरुवारी दुपारी तीनला लायब्ररीत येतात. मी कपाट उघडून देतो. त्या एक कॅसेट घेतात, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या छोट्या खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावतात. दार बंद असतं. बाहेर काहीही ऐकू येत नाही, आणि मी ऐकायचा प्रयत्नही करत नाही.

पण काचेतून दिसतं. सुरुवातीचा तासभर त्या नुसत्या ताठ बसलेल्या असतात, हात मांडीवर, एखादा रुक्ष अहवाल ऐकावा तशा. मग कधीतरी पाठ सैल होते. मान जरा तिरपी होते. ओठ हलायला लागतात. मागच्या गुरुवारी मी पुस्तकांची ट्रॉली घेऊन तिथून जात होतो तेव्हा त्या हसत होत्या, मान जोरजोरात हलवून नाही नाही म्हणत होत्या, आणि त्यांनी उजवा तळहात समोरच्या रिकाम्या टेबलावर आडवा धरला होता, ताटात कोणी आणखी वाढू नये म्हणून धरतात तसा.